मणी, मोती आणि ओवायचा दोरा : आपापल्या युक्त्या इथे लिहा

कोयरी | १२ जून, सकाळी १०.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात दादरच्या पुलावर सासूबाईंची काळी पोत वाढली. गर्दीत वाट्या तेवढ्या त्यांच्या मुठीत राहिल्या, काळे मणी पायऱ्यांवरून घरंगळत गेले. आठच महिन्यांपूर्वी ती पोत एका दुकानातून नव्याने ओवून आणली होती. घरी आल्यावर उरलेला दोरा मी भिंगाखाली धरला. ओढ बसून तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजारलेलं असतं, तंतू लांब-आखूड असतात. इथे तसं नव्हतं. दोरा एका बाजूने कातरल्यासारखा सरळ होता, फक्त शेवटचे दोन-तीन तंतू ओढले जाऊन सुटलेले. आणि ती जागा नेमकी वाटीशेजारच्या सोन्याच्या मण्याच्या तोंडाशी. तो मणी बोटाच्या पेरावरून फिरवला तर भोकाची कड किसणीसारखी लागली.

म्हणजे दोरा हलका नव्हता. मणीच त्याला रोज थोडा थोडा कापत होता.

मी चौदा वर्षं ओवतेय. सुरुवात रुखवतातल्या तोरणांपासून केली, आता दागिने करते. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय : दुकानात आपण मण्यांचा रंग बघतो, चमक बघतो, भाव करतो, आणि दोरा मात्र 'द्या एक रीळ' म्हणून घेतो. खरं तर मण्याचं भोक बघितल्याशिवाय दोरा घेऊच नये. म्हणून हा धागा काढतेय. माझ्या सवयी आधी लिहिते.

ओवायच्या आधी मोठे मणी मी एकेक करून तपासते. शिवणाचा साधा सुती दोरा भोकातून घालायचा, दोन्ही टोकं धरून कडेवर चार-पाच वेळा पुढे-मागे ओढायचा. दोऱ्याला लव सुटली की तो मणी बाजूला. सोन्याचा मणी असेल तर सोनाराकडून कड गुळगुळीत करून घ्यायची, दोन मिनिटांचं काम असतं. काचेचा किंवा खड्याचा असेल तर हिऱ्याच्या कणांची बारीक कानस मिळते, ती पाण्यात बुडवून भोकात हलकेच फिरवायची. कोरडी कधीच नाही, काच तडकते आणि भुकटी नाकात जाते. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर त्या मण्याच्या दोन्ही बाजूंना अगदी बारीक काचमणी ओवायचा. मग दोरा धारदार कडेवर न वाकता बारीक मण्याच्या गोल कडेवर वाकतो. वाटीशेजारी हा उपाय सगळ्यात उपयोगी, कारण पोतीला सगळ्यात जास्त वाक आणि हालचाल तिथेच असते.

दुसरं, दोरा एका वेळी एक वाव. दोन्ही हात पसरले की जेवढा होतो तेवढाच. 'पुन्हा जोडायला नको' म्हणून लांब घेतला की त्याला पीळ पडतो, गुंता होतो आणि मुख्य म्हणजे तोच दोरा शेकडो वेळा भोकांतून घासून जातो. टोकाला येईपर्यंत अर्धा झिजलेला असतो.

तिसरं, मेण. मधमाशांचं. नायलॉन दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढायचा, मग चिमटीतून सरकवायचा म्हणजे जास्तीचं मेण निघून जातं. मेणबत्ती वापरू नका, तिचे पापुद्रे सुटतात आणि भोकात साचतात.

पोत, तन्मणी, तोरण, जपमाळ, काहीही ओवत असाल तर आपापल्या युक्त्या लिहा. चुकांसकट लिहा.

---

रानजाई | १२ जून, सकाळी ११.२५

फार गरजेचा धागा, कोयरी. माझी भर छोटीशी : स्टीलच्या ताटात मणी घेऊ नका. सुई लागली की मणी उडतो. मी जुन्या मखमली ब्लाउजचा तुकडा ताटात अंथरते. लव असल्यामुळे मणी जागेवर बसतात आणि सुईच्या टोकाने नुसता टोचला तरी चढतो, बोटांनी उचलावा लागत नाही. काळ्या मण्यांना फिकं कापड, पांढऱ्यांना गडद. चाळिशी लागल्यापासून याचं महत्त्व फार कळलंय.

---

पहिलाच टाका | १२ जून, दुपारी १२.०५

कोयरीताई, मी दोन महिन्यांपूर्वीच सुरुवात केलीय. दोन अडचणी आहेत. सुईत दोरा ओवायलाच माझी पंधरा मिनिटं जातात. आणि काम करता करता दोऱ्याची वेटोळी होऊन मध्येच गाठ बसते. ती गाठ सोडवताना दोन वेळा सगळं काम कापावं लागलं. काय चुकतंय?

---

कोयरी | १२ जून, दुपारी १२.५०

@पहिलाच टाका, चुकत काही नाही, कोणी दाखवलेलं नसतं एवढंच. दोऱ्याचं टोक तिरकं काप आणि दोन नखांत दाबून चपटं कर. मग ते टोक डाव्या हाताच्या चिमटीत असं धर की जेमतेम दिसेल, आणि सुईच त्याच्यावर आण. लांब दोरा हवेत हलत राहतो, चिमटीतला हलत नाही. तरी जात नसेल तर सुई उलटी फिरवून दुसऱ्या बाजूने बघ. सुईचं नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे एक बाजू जास्त मोकळी असते.

गाठीचं म्हणशील तर नायलॉन रिळावर गुंडाळलेला असतो आणि ती गुंडाळी त्याच्या अंगात मुरते. कापल्यावर हातभर हातभर धरून सावकाश ताण, एकदम हिसका नको. आणि दहा-बारा टाके झाले की काम वर धरून सुई खाली लोंबकळत सोड. ती आपोआप गरगर फिरते आणि पीळ उतरतो. गाठ बसलीच तर ओढू नकोस. ओढल्यावर जी बसते ती सुटत नाही. दोन बारीक सुया गाठीच्या पोटात घालून एकमेकींपासून लांब ने, बहुतेक वेळा उकलते.

---

पटवेकरांची लेक | १२ जून, रात्री ९.३०

हा धागा वाचून गप्प बसवेना. माझं माहेर पटवेकऱ्यांचं, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणाऱ्यांचं. आजोबा आणि वडील दोघंही गाठवण्याचंच काम करायचे, मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. आमच्याकडे कोणी 'पोत ओवून द्या' म्हणालं की आजोबा म्हणायचे, ओवतं कोणीही, आम्ही गाठवतो.

ते बसायचे कसे ते सांगते. उजवा पाय पुढे सोडलेला, रेशमाचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवलेला. अंगठा हीच त्यांची खुंटी. पाय किंचित पुढे-मागे करून ते दोऱ्याचा ताण ठरवायचे, दोन्ही हात गाठीला मोकळे. मी पहिल्यांदा तसं बसले तेव्हा अर्ध्या तासात अंगठा निळा पडला, कारण मी पायाने ओढत होते. ताण दोऱ्यात हवा, पायात नको, हे कळायला वर्ष गेलं.

आता मोत्यांबद्दल, कारण इथे तन्मणीचा विषय निघालाय. मोती काचेपेक्षा खूप मऊ. नायलॉनची किंवा तारेची कड त्याचं भोक झिजवते, भोक मोठं होतं, मोती डुगडुगायला लागतो. म्हणून मोत्याला रेशीमच. रेशीम झिजेल, बदलता येईल. मोती झिजला तर तो परत येत नाही. दोघांपैकी कोणी झिजायचं ते आपण ठरवायचं असतं.

आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ. दोन कारणांसाठी : मोत्याला मोती घासत नाही, आणि माळ तुटलीच तर एकच मोती सुटतो. गाठ मोत्याला चिकटून बसवायची कशी, हेच सगळ्यांना अवघड जातं. मोत्यानंतर दोऱ्याची सैल गाठ घ्या. त्या सैल फासात एक जाड सुई उभी घाला. आता गाठ ओढू नका, सुईने ढकलत ढकलत मोत्यापर्यंत न्या. सुईचं टोक मोत्याच्या भोकाशी टेकलं की दोरा हलका ओढा, आणि गाठ आवळत असतानाच सुई काढून घ्या. शेवटी दोन्ही नखांनी गाठ मोत्याकडे दाबा. मोती आणि गाठ यांच्यात उजेड दिसता कामा नये.

दोरा माळेच्या किमान चौपट घ्या. गाठींनी माळेची लांबीही वाढते, हे बरेच जण विसरतात. सत्तर मोत्यांची माळ असेल तर गाठींनीच चारेक सेंटिमीटर वाढतात. तन्मणीसारख्या बेताच्या लांबीच्या दागिन्यात तेवढ्याने खोड, म्हणजे मधलं पदक, गळ्यावर नको तिथे जाऊन बसतं. आधी पाच मोती गाठवून मोजा, मग हिशोब करा.

रेशीम नवीन असताना लांबतं. वडील आदल्या रात्री दोऱ्याला वजन बांधून खिळ्याला टांगून ठेवायचे. माळ करून झाल्यावर मात्र ती कधीच टांगू नका, आडवी ठेवा. अत्तर, केसांचा स्प्रे, पावडर सगळं झाल्यावर शेवटी मोती घाला आणि काढल्यावर मऊ कापडाने पुसा. घामाने रेशीम आधी पिवळं पडतं, मग कुजतं. गाठी मळकट दिसायला लागल्या की पुन्हा गाठवून घ्यायची वेळ झाली असं समजा, तुटायची वाट बघू नका.

बोरमाळ गाठवायला आणाल तेव्हा एक लक्षात ठेवा. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या आत लाख भरलेली असते. गरम पाण्यात घालून साफ करू नका, लाख मऊ होऊन भोकात येते आणि मग सुईच जात नाही.

---

रानजाई | १२ जून, रात्री ९.५५

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. 'दोघांपैकी कोणी झिजायचं' हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. आईचा तन्मणी तारेवर ओवलेला आहे, उद्याच उतरवते.

एक विचारते. रेशमाला सुई मोठी होते, भोकातून जात नाही. काय करायचं?

---

पटवेकरांची लेक | १२ जून, रात्री १०.१०

सुईच नको. दोऱ्याचं टोक तीन-चार बोटं डिंकात भिजवा, चिमटीत पीळ देत वाळवा आणि तिरकं कापा. दोऱ्याचीच सुई होते. किंवा कार्डावर गुंडाळलेलं रेशीम मिळतं, त्याला टोकाला तारेची लवचीक सुई जोडलेलीच असते. त्यात आकडे असतात, ४ नंबर साधारण ०.६० मिलिमीटर, ६ नंबर ०.७०. मोती नेऊन भोकाला लावून बघूनच घ्या. भोकात दोरा किंचित अडकत गेला पाहिजे. ढिला गेला तर गाठ भोकात शिरते.

---

सोनटक्का | १३ जून, पहाटे २.४०

जर्मनीहून लिहितेय, ड्रेस्डेनला असते. मी काचेच्या बारीक मण्यांचं विणकाम करते, त्यामुळे थोडं वेगळ्या बाजूने.

इथून दोनेक तासांवर चेक देशात याब्लोनेत्स नावाचं गाव आहे. काचमण्यांचा धंदा तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि काच व दागिन्यांचं मोठं संग्रहालयही आहे. ते बघितल्यावर कोयरीने लिहिलेली कडेची गोष्ट मला मुळातून समजली. बारीक मणी करताना काचेची लांब पोकळ नळी ओढतात आणि तिचे तुकडे करतात. कापलेल्या तुकड्याची कड अर्थातच धारदार असते. मग ते तुकडे उष्णता देऊन घोळवतात, तेव्हा कडा वितळून गोल होतात. पण लांब नळीमणी, ज्यांना बाजारात पाइप म्हणतात, ते बऱ्याचदा कापलेल्या धारेसकटच येतात. म्हणूनच साडीवरच्या कामात पाइप सगळ्यात आधी गळतात! प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घाला, कितीतरी जास्त टिकेल.

आपल्याकडच्या, उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरच्या हाताने केलेल्या मण्यांची तऱ्हा वेगळी. वितळलेली काच तारेभोवती गुंडाळून ते करतात आणि काच तारेला चिकटू नये म्हणून तारेवर मातीचा लेप असतो. त्यातली पांढरी भुकटी भोकात राहते आणि दोऱ्याला घासते. कोमट पाण्यात भिजवून भोकं तारेने साफ करा, वाळवा, मग ओवा. मी भारतातून आणलेली प्रत्येक पिशवी आधी धुतेच.

आकड्यांबद्दल नवीन लोकांचा गोंधळ होतो म्हणून लिहिते. मण्याचा आकडा जितका मोठा तितका मणी बारीक. ८ नंबर साधारण ३ मिलिमीटर, ११ नंबर २ मिलिमीटर, १५ नंबर दीड. सुईचंही तसंच, १० पेक्षा १२ बारीक. ११ नंबरच्या मण्यांना १० ची सुई चालते, १५ ला १२ ची घ्या. जपानी दंडगोल मणी, म्हणजे मियुकीचे डेलिका वगैरे, भिंतीने पातळ आणि भोकाने मोठे असतात. एकाच मण्यातून दोरा चार-पाच वेळा न्यायचा असेल तर ते बरे.

दोरा मी फायरलाइन वापरते. मूळचा मासेमारीचा, विणलेला, ताणल्यावर लांबत नाही. ६ पौंडाचा, म्हणजे तेवढा भार सोसणारा, ०.१५ मिलिमीटरचा. स्फटिकासारख्या धारदार मण्यांना नायलॉनपेक्षा कितीतरी चांगला टिकतो. राखाडी रंगाच्या दोऱ्याचा रंग हाताला आणि फिक्या मण्यांना लागतो, म्हणून आधी ओल्या कापडातून ओढून घ्या.

आणि चेक मणी दोऱ्यात ओवलेल्या जुड्यांत येतात. तो दोरा कापून मणी वाटीत ओतायचे नि परत एकेक टिपायचे असं मी तीन वर्षं केलं. अहो, जुडीतल्या दोऱ्यातच आपली सुई घालायची आणि वीस-तीस मणी एकदम सरकवून घ्यायचे!

---

तीनचाकी | १३ जून, सकाळी ८.१५

मी मुलीसाठी इलॅस्टिकची ब्रेसलेटं करतो. ओवायच्या आधी इलॅस्टिक चार-पाचदा चांगलं ताणून घ्या, नाहीतर आठवड्यात सैल पडतं आणि मण्यांमध्ये फट दिसते. गाठ बांधताना पहिल्या वेढ्यात दोनदा गुंफा, मग दुसरी गाठ, आणि ती मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून लपवा. झटपट चिकटणारा गोंद लावू नका, तो कडक होतो आणि त्याच्या कडेलाच इलॅस्टिक तुटतं.

सांडलेले मणी गोळा करायला व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा रबराने बांधायचा. पलंगाखालचे मणीसुद्धा मोज्यावर येऊन बसतात.

---

पहिलाच टाका | १३ जून, सकाळी ९.००

सुई लोंबकळत सोडून बघितली. भिंगरीसारखी फिरली! काल रात्री एकही गाठ नाही. कोयरीताई, मनापासून आभार.

आणखी एक. विणता विणता एक मणी जास्त झालाय आणि आता तो खूप मागे राहिला. उसवावं लागेल का?

---

सोनटक्का | १३ जून, दुपारी १.२०

उसवू नकोस, मणी फोड. पण पक्कडीने बाहेरून चिरडायचा नाही, काच आत घुसून दोरा कापते. जाड टोकदार टोचणी भोकात घाल आणि आतून दाब, म्हणजे तुकडे बाहेर उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच आणि वरून रुमाल धर. दोरा टोचणीच्या वाटेत नाही ना, ते आधी बघ.

---

अबोली | १३ जून, दुपारी ४.४५

भोकाची इतकी चर्चा चाललीय म्हणून बिनभोकाच्या मण्यांचं लिहिते. आमच्याकडे संक्रांतीला हलव्याचे दागिने घरीच होतात, यंदा पुतणीच्या मुलाच्या बोरन्हाणाला केले. हलव्याला भोक पाडायला गेलात तर तो फुटतो. म्हणून तो ओवायचा नसतो, बांधायचा असतो. पांढऱ्या दोऱ्यात एक फास घ्यायचा, त्यात दाणा ठेवून फास आवळायचा, की दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसतो. मग पुढचा फास. काटा चांगला आलेला हलवा असेल तर दाणा हलत नाही, गुळगुळीत असेल तर निसटतो. म्हणून दागिन्यांसाठीचा हलवा मी वेगळा निवडते. दोरा मेणाचा नको, घसरतो, इथे साधा सुतीच हवा. हात मात्र कोरडे ठेवा. घाम लागला की साखर पाघळते आणि रंग मळतो. मी शेजारी तांदळाच्या पिठाची वाटी ठेवते.

---

पटवेकरांची लेक | १३ जून, संध्याकाळी ७.०५

अबोलीताई, वा! फास आवळून दाणा धरायचा ही खरी गाठवणीच झाली. आजोबांना हे वाचून फार आनंद झाला असता.

पावसाळा आलाय म्हणून सगळ्यांना सांगते, सुयांना जपा. गंजलेली सुई भोकात शिरताना दोऱ्याला गंज आणि ओरखडा दोन्ही देते. मी टाल्कम पावडरच्या छोट्या डबीत सुया ठेवते. तेल लावू नका, दोऱ्यावर डाग पडतो.

---

कोयरी | १९ जून, रात्री ८.३०

आठवडाभर सासूबाईंची पोत घेऊन बसले होते, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

काळे मणी बोहरी आळीतून नवीन आणले. आधी वीसेक मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवले. एका पुडीतल्या मण्यांचा रंग पाण्यात उतरला, ती परत केली. सोन्याचे चारही मणी सोनाराकडून घासून आणले आणि सुती दोऱ्याने पुन्हा तपासले. एकाची कड अजून धरत होती, म्हणून परत गेले.

मग पटवेकरांच्या लेकीने लिहिलंय तसं पाच मणी ओवून मोजमाप घेतलं, दोन पदरी ओवलं आणि वाटीच्या दोन्ही बाजूंना १५ नंबरचे काळे मणी घातले. दोऱ्याची टोकं गाठ मारून तशीच कापली नाहीत. सात-आठ मण्यांतून उलट नेली, मध्ये दोन अर्ध्या गाठी घेतल्या, मग पुन्हा दिशा बदलून पाच मण्यांतून आणली. त्यासाठी शेवटच्या मण्यांत जागा राहील अशी बारीक सुई आधीपासूनच वापरली होती.

काल सासूबाईंनी घातली. आरशात बघितलं नाही. बोटांनी वाटीच्या मागे चाचपून बघितलं, तिथे पूर्वी टोचायचं म्हणाल्या. आठ महिने टोचत होतं आणि मी विचारलं नव्हतं. तुमच्या घरात कोणाला दागिना टोचत असेल तर आज रात्रीच सुती दोरा घेऊन तो मणी शोधा.

@पटवेकरांची लेक, ताई, अंगठ्यात फास अडकवून बसायचं मला शिकायचंय. फोटो टाकाल का, पायाचा कोन दिसेल असा?